पुढच्या चाकांचे दोन ड्रम

यवतमाळहून कळंबकडे जो उतार लागतो, त्याला सह्याद्रीकडची माणसं घाट म्हणायची नाहीत, हसतील. हसू द्या. त्यांनी तो भर पावसाळ्यात, सरकीची पोती लादून, लढाईतून उरलेल्या ट्रकमधून एकदा उतरून दाखवावा. माझा मोठा भाऊ आठवड्यातून दोनदा तो उतरायचा. मी त्याला दादा म्हणायचो. गाडी तो हाकायचा आणि दुरुस्ती मी करायचो. म्हणजे त्याचा जीव माझ्या पान्यावर होता, आणि ही गोष्ट आम्ही दोघंही बोलून दाखवत नव्हतो.

आमचा धंदा बैलगाड्यांचा. बाप होता तोवर जिनिंगमध्ये कापूस वाहायचा. बाप गेला, पुढं ट्रक आले, आणि मग बैलगाडीला कोण विचारतो? सत्तावनच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही जोड्या विकल्या आणि मिलिटरीच्या लिलावातला एक डिस्पोजलचा ट्रक घेतला. गाडी हाकणं दादा आधीच दुसऱ्यांच्या ट्रकवर शिकला होता, मी गॅरेजात दुरुस्ती. बैल गेले त्या दिवशी माय जेवली नाही. "पोटची पोरं इकली," म्हणाली. मी म्हटलं, "माय, ट्रकले कडबा नाही लागत." माझ्या जिभेला हाड नव्हतंच कधी.

पावसाळा लागला आणि दादा म्हणायला लागला, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. मी पुढची चाकं उतरवली. उजव्या बाजूच्या ड्रमला काठापासून बोल्टाच्या भोकापर्यंत चीर गेलेली. ड्रम म्हणजे चाकात बसवलेलं बिडाचं मोठं ताट, काठ उभे. ब्रेक दाबला की आतले लायनर त्या काठाला आतून दाबून धरतात आणि चाक थांबतं. डावा ड्रम चिरलेला नव्हता, पण आधीच्या मालकानं खरादेवर, म्हणजे लेथवर, तासून तासून त्याचा पापड केला होता. दोन्ही बदलायलाच हवे होते. मी दादाला बोलावून चीर दाखवली. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मला एवढंच विचारलं, "हे घेऊन मी किती खेपा केल्या?"

आम्ही दोघं नागपूरला गेलो. नव्या मालाच्या दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून मानच हलवली. मुंबईहून मागवावा लागेल, दोन महिने लागतील, आणि भाव सांगितला तो असा की नाकापेक्षा मोती जड. दादा तरी म्हणाला, मागवू. मी त्याचं मनगट धरून त्याला बाहेर ओढला. दोन महिने गाडी उभी ठेवून खायचं काय? शेजारच्या गल्लीत इथंच ओतलेले ड्रम मिळत होते, काळ्या रंगात चमकणारे, किंमत निम्म्याहून कमी. दादाला ते पसंत पडले, कारण ते नवे दिसत होते. मी खिशातली कानस काढून आतून ओढली. रंग गेला, त्याखालचं भरताड निघालं, आणि त्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. दुकानदार म्हणाला, "एवढं तं चालतेच, भाऊ." मी त्याला म्हटलं, "तुह्या पोराले बसव याच्यावर, मंग सांग चालते का." दादानं मला दटावलं, पण ड्रम ठेवून दिले.

शेवटी कबाड्याकडे गेलो. मोठं अंगण, पावसानं चिखल, आणि त्यात मोडक्या मिलिटरी गाड्यांचे सांगाडे. आमच्याच जातीचा एक ट्रक सापडला. त्याचे ड्रम मूळचे, जाड, फारसे न खरादलेले. मी ते उतरवून घेतले आणि एकेक दोरीला टांगून पान्यानं टिचकी मारली. बाया मडकं घेताना वाजवून पाहतात, तसंच हे. बीड साबूत असलं तर खणखणतं, आतून चिरलेलं असलं तर बद्द बोलतं. पहिला ड्रम देवळातल्या घंटेसारखा वाजत राहिला. दुसरा वाजला, पण लवकर गप्प झाला.

"याचा आवाज कमी हाय," दादा म्हणाला.

"दोरी वली झाली," मी म्हटलं.

दोरी ओली होती हे खरं. पण कोरडी दोरी शोधून मी पुन्हा वाजवून पाहिलं नाही, हेही तेवढंच खरं. तिथं दुसरी जोडी नव्हती. हे ड्रम नाही घेतले तर मुंबईचे, आणि मुंबईचे म्हणजे गाडी विकणं. हे सगळं माझ्या कानात त्या आवाजापेक्षा मोठ्यानं वाजत होतं.

"सस्ता रोये बार बार," दादा पुटपुटला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू म्हणतं तं घे. बसाचं मलेच हाय त्याच्यावर." हे तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

यवतमाळला एक खरादवाला होता. आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, हाताचा पक्का आणि तोंडाचा खरा. त्यानं दोन्ही ड्रम आतून साफ केले. दुसऱ्यावर त्याची पटाशी जरा अडखळली. मी विचारलं, चीर आहे का? तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. म्हणाला, "मी आता देवाची शपथ नाही घेत. पण ह्या खरादेची घेऊन सांगतो, आज याच्यात चीर नाही. बीड कडक हाय थोडं. उद्याचं मले नको इचारू." मी ते ऐकलं आणि दादाला त्यातलं अर्धंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ड्रम पेट्रोलनं धुतले आणि अंगणात फळीवर ठेवून गोणपाटानं झाकले. ड्रमच्या आत तेलाचा थेंबही चालत नाही, लायनर निसटतो. हे मला झोपेतही माहीत होतं. बाकी घरात कोणाला सांगायची गरज मला वाटली नव्हती.

तो पोळ्याचा आदला दिवस होता. आमच्याकडे त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू ठेवून ठेवून बैलांचे खांदे सोललेले असतात, त्यांना कोमट तूप आणि हळद चोळायची, आणि बैलांना सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बाप गेल्यावर हे काम माय करायची. त्या वर्षी गोठा रिकामा होता. पण सवय कुठं जाते? मी ब्रेकचं ऑइल आणायला निघालो होतो, आणि माय पितळी वाटीत तूप-हळद घेऊन ट्रकभोवती फिरत होती.

"इचे खांदे कुठी रे?" तिनं विचारलं.

मला हसू आलं. मी गोणपाटावर पाय ठेवला आणि म्हटलं, "हे काय, तुह्या पुढ्यातच पडले. सारा भार हेच झेलते. अन् बाहीरून नाही बरं माय, आतून झेलते."

ती हसली नाही. तिनं मान डोलावली, आपल्याला कोणी नीट समजावून सांगितल्यावर डोलवावी तशी. मी चपला घातल्या आणि निघालो. परत आलो तेव्हा ती चुलीपुढं होती आणि ड्रम गोणपाटाखाली जसेच्या तसे.

पोळ्याच्या दिवशी गाडी उभी राहणार होती, म्हणून सकाळीच बसवून टाकावं असं मी ठरवलं. आभाळ इतकं भरलेलं की अंगणात उजेड नावालाच होता. ड्रम उचलताना बोटांना ओशट लागलं. मला वाटलं, खरादेचं तेल राहिलं असेल कुठल्या कोपऱ्यात. पुन्हा धुवावं असंही मनात आलं. पेट्रोलचा डबा रिकामा होता. मी बोटं विजारीला पुसली, आतून एक फडकं फिरवलं आणि ड्रम चढवले. ज्याच्या आवाजाचा मला संशय होता तो डावीकडे बसवला, हे पक्कं आठवतं. का, तर दादा उजवीकडे बसतो. जणू ड्रम फुटला तर डावीकडच्यालाच लागेल. काय अक्कल म्हणावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकी भरून निघालो. मी मुद्दाम सोबत गेलो. गावातल्या गावात दादानं दोनदा ब्रेक मारून पाहिला. गाडी थांबली, पण सावकाश.

"नरम हाय," तो म्हणाला.

"नवीन हाय. लायनर बसाले टाइम लागते."

हे खोटं नव्हतं. नवा ड्रम आणि लायनर एकमेकांना घासून जुळायला शंभरेक ब्रेक लागतात. पण मी ते बोललो ते दादाला सांगायला नाही, स्वतःला सांगायला. चाकांवरून माझं ध्यान हटत नव्हतं. कुठं खट्ट वाजतंय का, ड्रम चिरतोय का, एवढंच ऐकत होतो. चोराच्या मनात चांदणं.

उतार लागला. दादानं गाडी दुसऱ्या गिअरात घातली आणि ब्रेक हलके हलके दाबत उतरायला लागला. पहिलं वळण ठीक गेलं. मग मला तुपाचा वास आला, कढवलेल्या तुपाचा. मला वाटलं, काल पुरणपोळ्या चेपल्या, कपड्यांनाच लागला असेल. दादा म्हणाला, "कायचा वास येऊन राह्यला?" मी म्हटलं, "काही नाही, तू समोर पाह्य."

दुसऱ्या वळणाआधी त्यानं पॅडल दाबलं आणि ते खाली गेलं, पण गाडीनं ऐकलं नाही. मागची चाकं तेवढी धरत होती, आणि मागून आता जळक्या लायनरचा धूर येत होता. दादानं पॅडलला दणके द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पहिल्या गिअरमध्ये टाकायला गेला तर गिअर करकरला आणि बसेना, आणि तेवढ्यात दुसराही सुटला. आता गाडी मोकळी होती. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. तो ओढून ओढून माझ्या छातीला लागला. माझ्या डोक्यात एकच होतं, डावा ड्रम गेला, मी घेतलेला ड्रम गेला, ओली दोरी, ओली दोरी.

"दार खोल. उडी मार," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

मी नाही मारली. शहाणपणानं नाही, भीतीनं.

समोर, थोडं खाली, रस्त्याच्या मधोमध एक बैलगाडी चढत होती, कालच्या रंगलेल्या शिंगांचे बैल, गाडीत बायामाणसं. डावीकडे दरी. उजवीकडे डोंगर, म्हणजे दादाच्या बाजूला. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्टेअरिंग उजवीकडे, स्वतःच्या अंगावर ओढलं. दगडावर पत्रा घासत गेला, पोती पुढं आली, काचा माझ्या मांडीवर पडल्या, आणि गाडी थांबली. मला खरचटलंही नव्हतं. दादाचा उजवा पाय दरवाजा आणि स्टेअरिंगच्या मध्ये होता. तो ओरडत नव्हता, नुसता माझं नाव घेत होता.

त्याच बैलगाडीतल्या लोकांनी दरवाजा पहारीनं तोडला. खालून चढत येणाऱ्या एका ट्रकात घालून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पाय ठेवू, पण आखूड होईल, आणि ट्रक चालवायचं विसरा. दादा तेव्हा बत्तिसाचा होता. त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जॅक घेऊन घाटात परत गेलो. मला डावा ड्रम पाहायचा होता. चाक उतरवलं, ड्रम ओढला, दगडावर ठेवला आणि चीर शोधायला लागलो. चीर नव्हती. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. मग कोरड्या दोरीला टांगून पान्यानं वाजवला. तो खणखणला, आणि वाजतच राहिला. नागपूरला दोरीच ओली होती. ड्रम शंभर नंबरी होता.

मला हायसं वाटलं हो. भाऊ दवाखान्यात पडलेला आणि मला हायसं वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते. पण मग फेल झालं काय? मी लायनर पाहिले. काळे, तुकतुकीत, आणि रिव्हेटांच्या भोकांत काहीतरी साचलेलं. नखानं काढलं. पिवळं. नाकाशी नेलं तर तूप आणि हळद. मायची वाटी डोळ्यांपुढं आली, आणि मी गोणपाटावर पाय ठेवून काय बोललो होतो ते शब्दन् शब्द आठवलं. बाहीरून नाही बरं माय, आतून. तिनं ऐकलं होतं. तिनं सगळं नीट, आतून, कोपरा न कोपरा चोळलं होतं. मी तिथंच चिखलात बसलो.

दवाखान्यात गेलो तो सांगायच्या तयारीनं. दादाला सगळं सांगायचं, मग त्यानं मला काय करायचं ते करावं. वॉर्डात शिरलो तर माय शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "दरी होती बाई एका अंगाले. पण म्या पोळ्याच्या आदल्या दिशी गाडीचे खांदे शेकले होते, आतून, हातानं. म्हून वाचला माहा लेक." दादा डोळे मिटून पडला होता. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. तिचा चेहरा मी पाहिला. हिला सांगायचं? की तुझ्याच हातानं तुझ्या लेकाचा पाय गेला? आणि ते पण माझ्या थट्टेनं?

दादानं डोळे उघडले. "ड्रम फुटला ना?"

"हो," मी म्हटलं.

"कोणता?"

"डावा."

"घेऊन ये. मले पाहाचा हाय."

मी परत घाटात गेलो आणि घन घेऊन त्या ड्रमवर बसलो. चांगलं बीड सहजी फुटत नाही. प्रत्येक घावाला तो वाजायचा आणि माझ्या हाताला झिणझिण्या यायच्या. मी रडत होतो आणि मारत होतो. रस्त्यानं जाणारा एकजण थांबून म्हणाला, "कायले फोडून राह्यला? चांगला दिसते." मी त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या. शेवटी एक मोठा तुकडा निघाला. तो पुसून, गोणपाटात गुंडाळून दवाखान्यात नेला.

दादानं तो तुकडा छातीवर ठेवून घेतला आणि फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मी काय विसरलो होतो ते मला त्या क्षणी कळलं. आधीपासून चिरलेल्या बिडाची कड काळी पडते, ब्रेकची धूळ आणि गंज आत शिरतो. ही कड पांढरी लख्ख होती, दाणेदार साखरेसारखी चमकत होती. जुन्या ड्रमच्या चिरेवरून अंगठा फिरवलेल्या माणसाला हे कळायला उजेडही लागत नाही. त्यानं तुकडा नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग मायकडे. माय खाटेच्या कडेला बसून त्याच्यासाठी मोसंबी सोलत होती.

"जुनीच चीर होती, माय," दादा मोठ्यानं म्हणाला. "म्या म्हटलं होतं नागपूरले, का आवाज कमी हाय. यानं सस्ता पाहून घेतला."

मायनं मोसंबी खाली ठेवली. ती उठली आणि साऱ्या वॉर्डासमोर माझ्या थोबाडीत मारली. मी सव्वीस वर्षांचा होतो, बायको-पोर असलेला. "भावाच्या जिवाहून तुले पैसा मोठा झाला?" ती म्हणाली. तिच्या बोटांना मोसंबीचा वास होता. मी म्हटलं, "चुकलो, माय." ती पुन्हा खाटेवर बसली आणि हुंदके द्यायला लागली, आणि दादा तिची पाठ थोपटत राहिला.

थोड्या वेळानं ती पाणी आणायला बाहेर गेली. दादानं तुकडा माझ्या हातात दिला. "हे फेकून दे कुठीतरी," तो हळूच म्हणाला. "अन् लायनर जाळून टाक, तिले दिसाच्या आत." मी उभाच होतो. मला त्याचे पाय धरायचे होते, पण धरायला एकच पाय होता, दुसरा प्लास्टरात होता. "जाय ना," तो म्हणाला. मी गेलो.